भांडी न वाजवता

“अरे, हिच्या डोक्यात होतं तरी काय फुटायला?”

आमच्या भागाचे पुढारी, भाऊ, माईकवर बोलले आणि अख्खं मैदान हसलं. मी त्यांच्या शेजारीच स्टेजवर उभी. खांद्यावर त्यांनीच घातलेली शाल. आमच्या मुलींच्या दहीहंडी पथकाचा सगळा खर्च भाऊंचा. ते घाटकोपरच्या टॉवरमध्ये राहतात, आम्ही मागच्या डोंगरावरच्या वस्तीत. त्यांच्याच हंडीला मी सर्वांत वरच्या थरावरून पडले, त्याला अकरा दिवस झाले होते. खालच्या मुलींनी झेललं, पण डोकं कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटलं.

दिसायला काहीच नाही. टाका नाही, प्लास्टर नाही. पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, “मेंदूला हिसका बसलाय. शांत पडून राहायचं. गोंगाट नको, मोबाईल नको. आणि बरं होईपर्यंत डोकं परत आपटता कामा नये.”

शांत कुठे पडू? आमच्या पत्र्याच्या भिंतीला लागूनच भाऊंच्या मंडळाचे स्पीकर. उजेड डोळ्यांत टोचायचा. दहावीचं पुस्तक उघडलं की दोन ओळींत मळमळायचं. वर्गात बाई म्हणाल्या, “नाटकं पुरे.”

माझी आई भाऊंकडेच धुणीभांडी करायची. गेल्या वर्षी त्यांचा मुलगा सायकलवरून पडला. त्यालाही असाच मार. तेव्हा भाऊंनी गल्लीतले सगळे स्पीकर बंद करवले. आईला बजावलं, भांडं वाजलं नाही पाहिजे. महिनाभर तिने सिंकमध्ये जुनं फडकं अंथरून भांडी घासली. आता घरी माझ्यासाठीही ती मोरीत फडकं अंथरायची. बाहेर डीजे चालूच.

त्या दिवशी भाऊंचा वाढदिवस. सत्कार आहे, पाच मिनिटं ये, असं सांगून त्यांच्या माणसांनी मला नेलं. स्टेजवर गेल्यावर कळलं की पुन्हा थर लावायचे आहेत.

“आपली वाघीण आता परत चढणार!” भाऊंनी माझ्या डोक्यावर टपली मारली. हलकीच. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. समोर मुली थर लावायला लागल्या होत्या. त्यांच्यामागे आई उभी होती, दोन्ही हात तोंडावर धरून.

मी माईक ओढून घेतला. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पडल्यापासून शब्दही वेळेवर सापडत नाहीत. तरी बोलले.

“तुमचा मुलगा पडला तेव्हा माझ्या आईने महिनाभर भांडी न वाजवता घासली. माझंही डोकंच आहे. आधी स्पीकर बंद करा. मी चढणार नाही.”

कुणीतरी माईक हिसकावला. गाणं आणखी जोरात लागलं. मी शाल तिथेच टाकली आणि कठड्याला धरून एक एक पायरी खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी आईचं काम गेलं. ती एवढंच म्हणाली, “भांडी काय, कुठेपण मिळतील. तू पडून राहा गं.”

मी अजून बरी झालेली नाही. वीस मिनिटं वाचते, डोळे मिटते, परत वाचते. रात्री पाठ केलेलं सकाळी आठवत नाही. चीड येते. पण कुणी नाटकं म्हटलं की आता गप्प बसत नाही.

पुढच्या वर्षी भाऊंची माणसं वर चढवायला दुसरी हलकी मुलगी शोधत वस्तीत येतील. मी तिच्या दारात उभी असेन.