रजा दिली

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या मिल कामगारांत वाटायचं युनियनचं पत्रक लिहीत होतो. ‘आजारपणात पगारी रजा द्या!’ इथं आलो आणि पेन अडलं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी सुरतेतल्या एका दवाखान्याच्या फाटकावर सिक्युरिटीत होतो. भर दुपारी लिंबायत वस्तीतली एक खानदेशी बाई आतून धावत आली. तिच्या नवऱ्याचा हात डाईंग मिलच्या वाफेनं भाजला होता.

“भाऊ, नर्सनी रजा दिधी! आते खाडा पडाव नही!” ती हसत होती.

मला गुजराती येत होतं. त्या गुजराती नर्सची ‘रजा’ म्हणजे कामावरची सुट्टी नव्हे, दवाखान्यातून डिस्चार्ज. खाट रिकामी करा, घरी जा! सांगितलं असतं तर बाई भांडली असती, आणि भांडायलाच हवं होतं. तिच्या मागून आलेल्या नवऱ्याच्या पट्टीतून अजून पिवळं पाणी झिरपत होतं. औषधाचा तो आंबूस वास नाकातून जात नाही.

मी म्हणालो, “हो ताई, चला.” रिक्षासुद्धा मीच थांबवली. तिनं हात जोडले.

गोंधळ टाळला म्हणून तेव्हा दवाखान्याच्या साहेबांनी पाठ थोपटली, मलाही बरं वाटलं. आज मी पत्रकांतून मालकांना बेधडक झोडपतो. फाटकावरचा तो वॉचमन मात्र माझ्या एकाही पत्रकात आलेला नाही.