आमच्या मानाचा उगम

शेतीच्या जोडीला मी घरी बसून इंग्रजी मजकुराचं मराठी करून देतो. गेल्या वर्षी श्रावणाच्या सुरुवातीला पोर्तुगालमधल्या एका सरदारी पदवीचा उगम सांगणारं पान माझ्याकडे आलं. आमच्या रोहणा गावात बसून आम्हाला त्याचं काय देणंघेणं! पण बाबा लकव्यानं खाटेला खिळलेले, त्यांना रोज काहीतरी वाचून दाखवावं लागे, म्हणून तेच वाचलं. तिथला राजा कुणाकुणाला पदवी दोनच पिढ्यांपुरती द्यायचा. नातवाला हवी असेल तर त्यानं पुन्हा राजाकडे मागायची.

बाबांनी एवढंच दोनदा वाचायला लावलं. मी गमतीनं विचारलं, आपला मान आपल्याला कोणत्या राजानं दिला?

आमचा मान पोळ्याचा. वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, गावच्या सगळ्या जोड्या रांगेत उभ्या राहतात आणि आमची जोडी तोरणाखालून गेली की पोळा फुटतो. आमच्या मूळ पुरुषानं गाव वसवलं म्हणून हा मान, असं लहानपणापासून ऐकत आलो होतो. स्वतःच्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा मी ते ठणकावून सांगितलं होतं.

जड जिभेनं बाबांनी जे सांगितलं, ते ऐकून मला त्यांचा रागच आला. मान शेजारच्या घराचा होता. आजोबांच्या तरुणपणी त्या घरचा कर्ता माणूस पोळ्याच्या तोंडावर वारला. सुतकात तोरणाखाली जाता येत नाही, म्हणून आजोबांनी त्या सालापुरती आपली जोडी पुढे नेली. दुसऱ्या सालीही नेली. त्या माणसाच्या विधवा बायकोनं गड्याकरवी बैल सजवून पाठवले होते, पण तिच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं.

"त्यायचा मान त्यायले देजो," बाबा म्हणाले. "माह्या डोयादेखत."

मी हो म्हटलं. त्या बाईचा नातू माझ्याच वयाचा, भाजीपाला पिकवून आर्वीच्या बाजारात नेतो. मी दोनदा त्याच्या वाडीवर गेलो, वांग्यावरच्या किडीबद्दल बोललो आणि परत आलो. पोळ्याला चार दिवस असताना बाबा गेले.

आता सुतक आमच्याकडे. गावानं शेजारी म्हणून त्या नातवालाच पुढे व्हायला सांगितलं. घरात बसून मी वाजंत्री ऐकली आणि रडता रडता मला सुटल्यासारखं वाटलं. मान ज्याचा त्याला पोचला होता, मला तोंड उघडावं लागलं नव्हतं. बाबा असताना बोललो असतो तर त्यांनाही ते कळलं असतं.

यंदाच्या पोळ्याला मी जोडी घेऊन मुद्दाम रांगेच्या शेवटी उभा राहिलो. रांगेच्या पुढून तो नातू आपले बैल दुसऱ्याच्या हाती देऊन माझ्याकडे चालत आला. माझ्या दोन्ही बैलांना त्यानं कुंकू लावलं.

"समोर चाल ना भाऊ," तो म्हणाला. "तुमच्या घरचा मान हाये. म्या एका सालासाठीच घेतलता."

सगळं गाव वळून आमच्याकडे पाहत होतं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी कासरा धरला आणि तोरणाकडे चालू लागलो.