गाडी रिकामी करून आणा

आमच्या ह्यांना सगळे 'सरळकाका' म्हणतात. गाड्यांची चाकं सरळ करून देतात म्हणून. चौतीस वर्षं संसार केलेल्या बाईला विचारलं असतं, तर मी दुसरं नाव सुचवलं असतं. पण मला कोणी विचारलं नाही.

ह्यांचं काम व्हील अलाइनमेंटचं. गाडीची चारही चाकं नीट कोनात उभी आहेत का ते बघायचं आणि नसतील तर खालचे नट फिरवून ती जागेवर आणायची. एवढंच. पण एवढ्यावर माणूस किती भाव खाऊ शकतो, ते आमच्या गॅरेजात येऊन बघावं. गाडी आली की हे आधी मशीनकडे बघतच नाहीत. उकिडवे बसतात, टायरवर तळहात ठेवतात आणि आडवा फिरवतात. एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. एकीकडून गुळगुळीत आणि उलट्या बाजूने खरखरीत लागलं की म्हणतात, "चाक तिरकं घासत चाललंय." मग गाडी रॅम्पवर चढते, मशीन लागतं आणि पडद्यावर नेमकं तेच निघतं. गिऱ्हाईक तोंडात बोट घालतं. मी आतल्या टेबलावर फोन घ्यायला बसते, त्यामुळे ते बोट मला रोज दिसतं.

ह्यांचा एक नियम आहे, काळ्या दगडावरची रेघ. गाडी रिकामी करून आणायची. कंपनीने पुस्तकात दिलेली मापं रिकाम्या गाडीची असतात, म्हणून डिकीत काही म्हणजे काही चालत नाही. कोणाची छत्री सापडली तरी ती बाहेरच्या बाकावर जाते. त्या बाकावर मी रॅकेटी पाहिल्यात, लहान मुलाची खुर्ची पाहिलीये आणि एका गृहस्थांच्या डिकीतून त्यांच्या बायकोची दोन वर्षांपूर्वी हरवलेली इस्त्री निघालेलीही पाहिलीये. त्या दिवशी अलाइनमेंट गाडीपेक्षा गृहस्थांची जास्त झाली.

ह्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद, जनावरांची डॉक्टर आहे. मी तिला डॉक्टरबाई म्हणते, कारण तिला ते आवडत नाही. तिचा दवाखाना आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. गाई-म्हशी काही दवाखान्यात येत नाहीत, त्यामुळे हीच चढावरच्या, चिखलाच्या रस्त्यांनी गोठ्यागोठ्यांत जाते. तिची गाडी चारही चाकांना जोर देणारी, ऑल-व्हील-ड्राइव्ह. ह्यांनीच पसंत केलेली. गाडी चालवायलाही तिला ह्यांनीच शिकवलं होतं, ती कॉलेजात असताना, मोकळ्या मैदानात विटा मांडून.

तर त्या गाडीच्या मागच्या टायरांची आतली कड झिजायची. बाहेरून टायर नवे दिसायचे आणि आतून तार निघायची बाकी राहायची. एकदा झालं, ह्यांनी अलाइनमेंट केली. आठ महिन्यांनी पुन्हा झालं, पुन्हा केली. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा गाडी नेहमीसारखी झाडून रिकामी, मशीनच्या पडद्यावर सगळे आकडे हिरवे. तळहात म्हणतोय झिजलंय, मशीन म्हणतंय सगळं ठीक. अशा वेळी शहाणा माणूस म्हणतो, "मला कळत नाहीये." हे म्हणाले,

"तू वळणावर गाडी फेकतेस. तुझं ड्रायव्हिंग चुकतंय."

तेही चार गिऱ्हाइकांसमोर. एक जण हसलासुद्धा.

नणंद शांतपणे म्हणाली, "दादा, चिखलातून रोज साठ किलोमीटर जाते मी. आजवर एक ओरखडा नाही गाडीला." आणि किल्ली उचलून चालती झाली.

त्यानंतर पाच महिने ती आमच्या घरी आली नाही. आधी आठवड्यातून दोनदा यायची, दवाखाना बंद करून चालत, आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या माझ्या पातेल्यातलं चाखायची. आता फोन मला करायची, तोही हे कामावर असताना. मी ह्यांना म्हटलं, "अहो, एक शब्द टाका. लहान आहे ती." तर म्हणाले, "आकडे हिरवे होते." मी चिडून म्हटलं, "मग जेवायला आकड्यांनाच बोलवा." पण मला दिसत होतं. संध्याकाळी दारात चप्पल वाजली की ह्यांची मान वळायची, आणि शेजारीण दिसली की पुन्हा वर्तमानपत्रात जायची. तरी माघार म्हणून नाही! पडलो तरी नाक वर, हा ह्यांचा खाक्या.

मग एके दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"वहिनी, गाडी वळवताना गचके देतेय. मीटरवर दिवा लागलाय. मी टेकडीमागच्या गोठ्यावर आहे, इथे गाय अडलीये, मला हलता यायचं नाही. कोणाला तरी पाठवशील? दादाला नको."

मी मागे वळले तर हे हत्यारांची पिशवी खांद्याला लावून उभे. मीही निघाले. दोघांना एकटं सोडायची माझी हिंमत नव्हती.

गोठ्यापाशी पोचलो तेव्हा नणंद आत होती. एक हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात, गोठ्याची मालकीण शेपटी धरून उभी. नणंदेने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. हे गाडीकडे गेले. तळहात पुढच्या टायरवर, मग मागच्या.

"मागचे दोन नवे बसवलेत कोणीतरी," हे माझ्याशी बोलले. "पुढचे जुनेच. अगं, चार जणांनी कपाट उचललंय आणि त्यातले दोघे उंच, असं झालंय हे. नवं चाक मोठं, जुनं झिजून लहान. या गाडीत चारही चाकं एकत्र जोडलेली असतात. उंची सारखी नसेल तर मधला जोड सारखा घासून तापतो. दिवा लागेल नाहीतर काय!"

आवाजात जरा विजय होता. बहीण दुसरीकडे गेली आणि फसली, असा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "ती दुसरीकडे का गेली, तेही टायरला विचारा."

हे पाना काढायला म्हणून वाकले आणि वाकलेलेच राहिले. मग जमिनीवर बसले. मग चक्क पोटावर झोपले आणि गाडीकडे मागून बघत राहिले. मला वाटलं, पाठीत उसण भरली. उठले ते पिशवीतून दोरा काढला, टोकाला एक नट बांधला आणि मागच्या चाकाशेजारी लोंबता धरला. खाली नट टायरला चिकटला होता. वर दोरा आणि टायर यांच्यात माझं बोट गेलं असतं. दोन्ही मागची चाकं वरून आत झुकली होती.

हे डिकीपाशी गेले. डिकी उघडली.

आत पाण्याचा मोठा पिंप, दोन लोखंडी फाटकं जनावर अडवायची, साखळ्या, दोरखंड, औषधांच्या चार पेट्या, बॅटरी, गमबूट. दोन माणसांना न उचलवणारं वजन. ह्यांनी ती गाडी या अवस्थेत आयुष्यात पाहिली नव्हती. घरी ती चालत यायची, आणि गॅरेजात यायच्या आधी दर वेळी हा सगळा पसारा एकटीने दवाखान्यात उतरवून ठेवायची. दादाचा नियम म्हणून. गाडी रोज भरलेली धावायची, मागून खाली दबायची, चाकं आत झुकायची आणि आतल्या कडेवर चालायची. आणि हे तीनदा मोजायचे ते तिची डिकी रिकामी करायला लावून.

हे बराच वेळ डिकीपुढे उभे राहिले. कान लाल झाले होते. लग्नानंतर ते मी दुसऱ्यांदा पाहिले. पहिल्यांदा कधी, ते सांगत नाही.

तासाभराने वासरू बाहेर आलं, जिवंत. नणंद हात धुऊन, घामाघूम, आमच्याकडे आली.

"काय निघालं? माझं ड्रायव्हिंगच ना?"

हे आधी दोऱ्याकडे बघून बोलले, "ही चाकं... म्हणजे वजनाने मागचा भाग जो खाली..."

"दादा, नीट सांग."

"माझं चुकलं," हे म्हणाले. "तुझा हात सरळ आहे. पहिल्यापासून होता. सगळ्यांसमोर बोललो ते तर फारच चुकलं."

चौतीस वर्षांत माझ्या वाट्याला न आलेलं वाक्य नणंदेला एका दुपारी मिळालं. खरं सांगते, हेवा वाटला. आणि डोळेही भरून आले, ते वेगळं.

ओल्या हाताने नणंदेने ह्यांच्या शर्टाची बाही धरली आणि थोडा वेळ तशीच धरून ठेवली.

चार दिवसांनी ती गॅरेजात आली. पुढचे दोन टायर मागच्यांसारखेच, त्याच नक्षीचे, हे आणून ठेवून बसले होते. ते चढवले. गिऱ्हाईकं बाकावर होतीच. पाण्याचा पिंप भरलेला, फाटकं, पेट्या, सगळं डिकीत तसंच. एकाने विचारलं, "काका, यांना नियम नाही का?" हे मोठ्याने म्हणाले, "नियम माझा चुकला होता. गाडी जशी रोज चालते तशीच मोजायची." मग बहिणीला म्हणाले, "तूही बस आत. तुझं वजन धरायला नको?"

"वहिनीच्या हातचं बंद झाल्यापासून कमी झालंय," ती म्हणाली आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसली.

गाडी रॅम्पवर चढली. हे खाली शिरले. पडद्यावर मागचे आकडे लाल, अगदी लालभडक. हे एकेक नट फिरवत खालून काहीबाही सांगत होते, ती वरून उत्तरं देत होती. वासराचं, मैदानातल्या विटांचं. मला अर्धं ऐकू येत होतं. मग वरून उत्तरं थांबली. मी टेबलावरून उठून पाहिलं तर डॉक्टरबाईंची मान सीटवर कलंडलेली, तोंड किंचित उघडं. त्या पहाटे चारला कुठल्याशा गोठ्यात गेल्या होत्या.

थोड्या वेळाने पडद्यावर सगळं हिरवं झालं. हे खालून निघाले, हात पुसले, काचेतून आत पाहिलं. बाकावरचा माणूस उठून उभा राहिला, "झालं ना काका? माझी घेताय?"

हे दबक्या आवाजात म्हणाले, "नाही झालं अजून. वेळ लागेल." आणि दुपारचा दीड तास ते त्या गाडीजवळ स्टूल टाकून बसून राहिले.