सदलग्याची फेरी

निपाणीत तवनाप्पांच्या किराणा दुकानासमोर कार उभी करायची म्हणजे उलटतपासणीची तयारी ठेवावी लागे. ते गल्ल्यावरून उठून यायचे, काच वाजवायचे आणि आत डोकावून विचारायचे, "चार जागा मोकळ्या घिऊन एकटंच कुठं निघालाय?" स्वतःची कार विकून त्यांनी बॅटरीची मोटारसायकल घेतली होती आणि साऱ्या गावाने तेच करावं, असा त्यांना ध्यास लागला होता. मी शाळामास्तर. घरापासून शाळा दीड किलोमीटर, आणि जायचो कारने. त्यामुळे माझ्यावर त्यांचा विशेष डोळा.

"बॅटरी वाटेत संपली तर?" हे माझं ठरलेलं उत्तर. शेवटी एका दुपारी त्यांनी मला मागे बसवलं आणि सदलग्याला बहिणीकडे नेलं. "जाऊन येऊन दिस मावळायच्या आत घरात जेवतो. मग तरी कार इकशीला न्हवं?"

आप्पा कट्टर जैन. सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही घेत नसत. त्यात मधुमेह. जेवण चुकलं की हातपाय थरथरायचे. एकदा तर दुकानातच कोसळले होते.

परतताना वारा समोरून आणि माझं वजन मागे. चार्जचा आकडा घसरू लागला तसा माझा जीव खालीवर होऊ लागला. ऊन पिवळं पडत चाललं होतं. वाटेत त्यांच्या ओळखीच्या शेतकऱ्याचं घर लागलं. मी म्हणालो, "आप्पा, थांबूया. गाडी चार्जिंगला लावू, तुम्ही दोन घास खाऊन घ्या."

"थांबलो तर तुम्ही कार इकणार न्हाय," ते म्हणाले आणि तसेच पुढे निघाले.

निपाणी दोन किलोमीटरवर असताना गाडी बंद पडली. दोघांनी ढकलत आणली. दारात त्यांच्या पत्नी, आक्का, ताट वाढून उभ्या होत्या; दिवस केव्हाच मावळला होता. आप्पांनी ताटाकडे पाहिलं आणि मान हलवली. आक्का ताट आत घेऊन गेल्या. आप्पांचे हात थरथरत होते आणि मला माझ्या हट्टाची लाज वाटत होती. त्या रात्री मी धड झोपलो नाही.

सकाळी धावतच दुकान गाठलं. आप्पा गल्ल्यावर होते, चेहरा पार उतरलेला. समोर एक तंबाखूचे व्यापारी बॅटरीच्या गाडीची चौकशी करत होते. आप्पा त्यांना सांगत होते, "गावात फिरायला लई बेस. पर दोघं बसून सदलग्याला जाऊन यायचं म्हणशीला, तर न्हाय जमत. काल मी सोता फसलो."

आप्पा गेल्या वर्षी गेले. कार मी सदलग्याच्या फेरीनंतर त्याच आठवड्यात विकली होती. खोट आधी सांगणाऱ्या माणसाचं ऐकायला मला भीती वाटली नाही.