माशाच्या तेलाची कॅप्सूल

आईला मी कोण हे आठवेनासं झालं, तेव्हा डॉक्टरांनी आधी तिचं बी-ट्वेल्व्ह तपासलं. कमी निघालं. मला इतका आनंद झाला की डॉक्टरच चमकले. कारण सापडलं होतं ना! "कमतरता भरून निघेल," ते म्हणाले, "पण हा डिमेन्शिया आहे, विसरणं थांबेलच असं नाही." वाक्याचा दुसरा अर्धा भाग मी कानाआड केला.

इंजेक्शनं झाली, रिपोर्ट सुधारला. आई होती तिथेच. मला ती 'ताई' म्हणायची, शेजारणीला म्हणावं तसं.

मग घोडबंदर रोडच्या आमच्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं माशाच्या तेलाच्या कॅप्सूल सांगितल्या. मेंदूला चांगल्या म्हणे. डॉक्टर म्हणाले, "द्यायच्या तर द्या, पण आशा लावून बसू नका." मी आशा लावून बसले.

अडचण वेगळीच होती. आम्ही कोपरचे आगरी, खाडीच्या मासळीवर वाढलेले. पण वडील गेल्यावर आईनं तुळशीची माळ घातली आणि मासळी सोडली. तिचा तवासुद्धा वेगळा. आता ती माळ कशाची हेही तिला सांगता येत नव्हतं, नुसते मणी कुरवाळत बसायची. औषधाला कसली आलीय माळ, अशी मी स्वतःची समजूत घातली.

काही दिवस तिनं कॅप्सूल मुकाट गिळली. एका सकाळी मात्र चावली. तोंड वाकडं झालं. हातावर थुंकून तिनं वास घेतला आणि दुसरा हात गळ्याकडे गेला.

"ह्यान म्हावरं हाय," ती म्हणाली. "मना नको गो. गल्यान माल हाय माजे."

किती महिन्यांनी तिच्या तोंडून असं धड बोलणं ऐकत होते! मला लाज वाटली, पण खरं सांगते, आनंद त्याहून मोठा होता. माळ आठवली होती, मासळी आठवली होती. कॅप्सूल लागू पडली, आता माझाच नंबर, असं वाटलं. तिचा हात पुसता पुसता मी विचारलं, "आये, मी कोन, सांग बरं?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. रागावलेली नव्हती, उलट माझी कीव करत होती.

"कोनाची पोर गो तू? माल घातलेल्याला म्हावरं देत नाय, तुजे आयशीनं शिकवला नाय तुला?"

"शिकवलेलं," मी म्हणाले.