तळाला घोटभर पाणी

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेहून आम्ही तिघं न्यू हॅम्पशरच्या डोंगरात बर्फात कॅम्पिंगला गेलो होतो. दुसऱ्या सकाळी माझ्या रूममेटला उलट्या सुरू झाल्या. गाडीपर्यंत चार तास चालायचं होतं. उरलेल्या सगळ्या पाण्याचा आमच्या लॅबमधल्या सीनियरने आधी चहा केला, कारण त्याशिवाय त्याची सकाळच होत नाही.

"बर्फ वितळवू की! चहूकडे पाणीच आहे," तो म्हणाला.

भांड्यात आधी थोडं पाणी ठेवून मगच बर्फ घालायचा, नाहीतर तळ जळतो, हे मी वाचलं होतं. पण कुणाला चुकीचं ठरवणं मला जमत नाही, म्हणून गप्प बसले. त्याने रिकाम्या भांड्यात बर्फ ठासून भरला. थोड्या वेळाने जळका वास आला. वरचा बर्फ तसाच होता आणि स्टोव्हची ज्योत बारीक होत चालली होती. गॅसचा दुसरा डबा आम्ही आणलाच नव्हता.

"पाणी झालं का गं?" रूममेटने तंबूतून विचारलं.

"तळाला पाणी लागतं," मी शेवटी म्हणाले.

"मग आधी सांगायचंस ना यार! आता कुठून आणू?" सीनियर वैतागला.

मी माझ्या कपातला चहा भांड्यात ओतला आणि त्याच्यापुढे हात केला. त्याने आपला कप दिला. भांडं चुरचुरलं आणि बर्फ खाली बसू लागला. ते तपकिरी, जळकट पाणी रूममेट तोंड वाकडं करत प्यायली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. पाणी पोटात टिकलं.