लुसीताईचा संशय

लुसीताई टोपलीतला वरचा मासा कधीच घेत नसे. कोळीण पापलेट पुढे करायची, ही ते बाजूला सारून खालचं उपसायची, कल्ला उचलून बघायची, वास घ्यायची. कोळीण वैतागायची. "आपल्या उत्तनचीच ना तू? माझ्यावर पण भरोसा न्हाय?" लुसीताई शांतपणे म्हणायची, "उत्तनची हाय म्हणून तर म्हायती हाय. वरचा मासा दाखवायचा, खालचा विकायचा. माझी आय पण हेच करायची."

आमचं ऑफिस केबिन रोडवर, साड्यांच्या दुकानाच्या वर. दवाखान्यांच्या आणि लॅबच्या वेबसाइट बनवायचं काम. लुसीताई आमच्यात सगळ्यात सीनियर, आणि तिथेही तिचा तोच खाक्या. डेटाबेसला काही विचारलं की आकडे येतात, ते आम्ही उचलून पानावर मांडतो. पण त्या आकड्यांबरोबर त्यांची कुंडलीही येते. कॉलमचं नाव काय, तो कुठल्या टेबलातून आला, त्यात संख्या आहे की मजकूर, तो रिकामा चालतो का. ही कुंडली वेगळी मागावी लागते, आणि आम्ही आळशी माणसं ती मागतच नाही. लुसीताई मागायची. गावात अनोळखी पोराला अडवून म्हातारे विचारतात ना, तशी ती प्रत्येक कॉलमला विचारायची, "तू कुणाचा रे?"

मला तिचा राग यायचा, खरं सांगते. माझं काम झालं की ही खुर्ची ओढून शेजारी बसणार आणि म्हणणार, "दाखव." मी म्हणायची, "ताई, चालतंय ना सगळं?" तर म्हणे, "चालतंय म्हणूनच बघायचं. बंद पडलेलं कुणीपण बघतं." मला वाटायचं, बाई माझ्यावरच पाळत ठेवून आहे. चहासुद्धा ढवळून, चाखून मगच घ्यायची. असला संशयी जीव घरात कसा नांदत असेल, देव जाणे!

मग आप्पांचं झालं. आप्पा म्हणजे माझे वडील. हृदयाची झडप बदललेली, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. त्या गोळीचं गणित नाजूक. कमी पडली तर गाठ, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून वरचेवर रक्त तपासायचं आणि त्या आकड्यावर गोळी ठरवायची. लॅब आमच्याच जेसल पार्कातली, आणि तिची वेबसाइट आमच्याच ऑफिसची. आदल्याच दिवशी आम्ही तिथे नवं पान चालू केलं होतं. आजचा आकडा आणि मागचा आकडा शेजारी शेजारी.

दुपारी आप्पांचा फोन आला. "अगं, रिपोर्ट आला. मागच्या वेळी अडीच, आज पण अडीच. म्हणजे संध्याकाळची गोळी तेवढीच ना?" मी म्हटलं, "हो, छानच की!" आणि फोन ठेवून कौतुकाने सगळ्यांना सांगितलं.

लुसीताईने मान वर केली. "दोन्ही अडीच? आणि त्यांच्या हातावर काळेनिळे डाग आलेत म्हणालीस ना सकाळी?"

"वय झालंय, ताई. कुठेतरी आपटला असेल हात."

"एका जाळ्यातले दोन मासे पण सारखे नसतात," ती म्हणाली. "थांब जरा."

तिने त्या पानामागची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, काढली आणि उत्तराची कुंडली मागवली. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. दोन कॉलम, दोघांचं नाव एकच. पहिला आजच्या टेबलातला, दुसरा जुन्यातला. पान आकडे नावावरून ठेवत होतं. एकाच नावाचे दोघे आले की मागून आलेला पहिल्याला पुसून त्याच्या जागी बसत होता. म्हणजे आप्पांना दोन्ही ठिकाणी जुनाच आकडा दिसत होता. आजचा खरा आकडा तिने वेगळा काढला. पाचाच्या वर गेला होता! म्हणजे रक्त नको तितकं पातळ झालेलं, आणि हातावरचे डाग त्याचेच.

मी लगेच घरी फोन लावला. "आप्पा, गोळीला हात लावू नका. डॉक्टरांशी बोलते, तोवर अजिबात घेऊ नका." डॉक्टर म्हणाले, बरं झालं फोन केलात, आज गोळी बंद, उद्या परत रक्त.

इकडे आमचे मालक मेहुलभाई तापले होते. "किसने लिखा है ये?" सगळ्यांच्या नजरा नितीनवर गेल्या. तो नवा, आणि कोडही गबाळं लिहायचा. माझा तर त्याच्यावर पक्का संशय. तो बिचारा पांढराफटक पडला.

"मी लिहिलंय," लुसीताई म्हणाली.

ती माझ्याकडे वळली. "तुमच्या सगळ्यांचं बघितलं. हे माझं हाय म्हणून बघितलंच न्हाय." मेहुलभाई म्हणाले, "चलो, चुपचाप ठीक कर दो." पण तिने तोवर लॅबला फोन लावलाही होता, आणि ज्याने ज्याने ते पान उघडलं त्या प्रत्येकाला कळवा, माझं नाव सांगा, म्हणून तिने हट्टच धरला. सगळ्यांना निरोप पोहोचेपर्यंत ती जेवली नाही.

त्या दिवसापासून ती स्वतःचं काम नितीनकडून तपासून घ्यायला लागली. तो लाजायचा. ती ओरडायची, "अरे, लाजतोस काय? विचार की, कुणाचा म्हणून!"

यंदा ती ऑफिस सोडून मुलीकडे गोव्याला गेली. शेवटच्या दिवशी माझ्या हातात कागदात बांधलेलं पुडकं दिलं. "सुके बोंबील. आप्पांना दे. आमच्या ओट्यावर सुकवलेले हायत, एक नंबर."

दुसरं कुणी असतं तर मी आभार मानून पर्समध्ये टाकलं असतं. मी तिच्यासमोर पुडक्याची दोरी सोडली, वरचे बोंबील बाजूला सारले, खालचा एक उपसला आणि नाकाशी धरला. नितीन हबकून बघत राहिला. देणाऱ्याच्या तोंडावर असं कुणी करतं का!

लुसीताईने मला गच्च मिठी मारली आणि ऑफिसभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने रडली.